काजूची बाग आणि माकडतापाचे कारण

2016 साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हापासून सिंधुदुर्गात एक विधान सतत कानी पडते: बहुतेक रुग्ण काजूच्या बागेत जाणारे होते, म्हणजे कारण सापडले. हा निष्कर्ष चुकीच्या पद्धतीने काढलेला आहे, कारण आजारी न पडलेल्यांपैकी किती जण त्याच बागांत जात होते, हे त्यात कोणी विचारलेलेच नाही. आणि काजूच्या हंगामात तालुक्यातल्या गावांतून बागेत न जाणारा माणूस शोधावाच लागतो.

रुग्ण आणि त्याच समूहातील, तो आजार नसलेली माणसे, म्हणजे नियंत्रण गट, यांच्या पूर्वीच्या संपर्काची तुलना करणाऱ्या अभ्यासाला रुग्ण-नियंत्रण अभ्यास म्हणतात. समजा, 100 रुग्णांपैकी 90 जण बागेत गेले होते आणि 100 निरोगी माणसांपैकी 88. तर दोन्ही गटांतील जाणाऱ्या-न जाणाऱ्यांच्या प्रमाणांची तुलना करणारा ऑड्स रेशो जेमतेम 1.2 येतो, मात्र निरोगी गटात 60 जणच गेले असतील, तर तो 6 होतो. रुग्णांचा आकडा दोन्ही वेळा 90च आहे, तेव्हा केवळ त्यावरून निकाल देणे थांबलेच पाहिजे.

‘बागेमुळे ताप येतो’ हे तपासण्याजोगे गृहीतकही नव्हे, कारण बागेतले कोणते काम आणि केव्हाचे, हे त्यात नाही. माकडतापाच्या विषाणूची लागण माणसाला होते ती मुख्यतः पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पानांच्या थरात, वावरणाऱ्या गोचिडीच्या पिलांच्या चाव्याने, आणि चाव्यानंतर ताप येण्यास साधारण 3 ते 8 दिवस लागतात. म्हणून गृहीतक असे हवे: ताप येण्याआधीच्या आठ दिवसांत हातांनी पातेरा गोळा करणाऱ्यांचे प्रमाण प्रयोगशाळेत निदान झालेल्या रुग्णांमध्ये, त्याच दिवसांत बागेत गेलेल्या निरोगी माणसांपेक्षा अधिक असेल. ते खोटेही ठरू शकते, आणि म्हणूनच ते तपासता येते.

नियंत्रण गट कोठूनही घेतला तरी चालतो, हाही गैरसमजच. मालवणच्या किनाऱ्यावरचे मासेमार घेतले, तर काजूची बाग आपोआप दोषी ठरेल. प्रश्नावली लांब असली की सत्य हमखास सापडते, असेही नाही. आजाराशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या, तरी 5 टक्क्यांच्या कसोटीवर सरासरी एक निव्वळ योगायोगाने ‘कारण’ ठरते. रुग्ण-नियंत्रण अभ्यास कमकुवतच असतात, असे मानणाऱ्यांनी संशोधक डॉल आणि हिल यांचा 1950 चा अभ्यास पाहावा: फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण यांच्या तुलनेतून धूम्रपानाचा संबंध त्यात स्पष्ट झाला.

रुग्णाच्या घरी चौकशी करणाऱ्या आरोग्यसेवकाने शेजारच्या निरोगी घरातही तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारावेत, आणि ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ म्हणून त्या घरानेही त्याला दारातून परत पाठवू नये.