उषाला जत्रेला जायचं होतं

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली की आमच्या नांदेडच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. ‘आत्याबाई, जाऊ का?’ बहुतेकींना होकार मिळतो, कुणाकुणाला मिळत नाही. ‘भूमिका’ सिनेमात नेमका हाच प्रश्न येतो आणि तिथंच माझ्या पोटात खड्डा पडला.

मैत्रिणींनो, १९७७ चा हा श्याम बेनेगल यांचा सिनेमा हिंदी असला तरी गोष्ट आपल्या हंसा वाडकरची. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) गाजवणारी ती. दुसरा तर पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. त्याच नावानं तिनं आपली कहाणी सांगितली, अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली. १९७१ मध्ये ती गेली तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

सिनेमात तिचं नाव उषा. स्मिता पाटीलनं ती केली तेव्हा ती जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेली. उषा लहानपणापासून कमावते, पण हिशेब नवऱ्याच्या, केशवच्या हातात. अमोल पालेकरांना आपण नेहमी साध्याभोळ्या भूमिकेत पाहिलेलं, इथं त्यांचाच राग येतो! जुन्या आठवणी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या दिसतात, आजचा दिवस रंगीत. पण उषाच्या आजमध्ये रंग कुठं असतो?

ती घर सोडते. पुढे काळे नावाच्या बड्या जमीनदाराच्या वाड्यावर येते. अमरीश पुरींचा हा काळे ओरडत नाही, मारत नाही. घरात अंथरुणाला खिळलेली बायको, सासू, लहान मुलगा. उषा सगळ्यांचं मनापासून करते. डोक्यावर पदर, स्वयंपाकघर, लेकराचे लाड. मला वाटलं, चला, सुखी झाली बाई! मग एक दिवस ती त्या मुलाला घेऊन जत्रेला निघते. तेव्हा कळतं की या वाड्यातल्या बाईनं बाहेर पाऊल टाकायचं नाही. कधीच नाही.

हंसाबाईंच्या आयुष्यातही असा वाडा होता, आणि तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका खेड्यात. आधीच बायका असलेल्या माणसाच्या घरी त्या अशाच अडकून पडल्या होत्या. पुस्तकात हे वाचताना आपल्या आजोळचे चिरेबंदी वाडे डोळ्यांसमोर येतात. माजघरातून आतल्या आत हाक मारणाऱ्या आज्या आठवतात.

आमच्या भिशीत यावर चांगलीच जुंपली. एकजण म्हणाली, ‘खायला-प्यायला होतं, मान होता, अजून काय पाहिजे?’ दुसरी शाळेत शिकवते. ती फटकन म्हणाली, ‘तुझं पासबुक कुणाकडे असतं गं?’ पहिली गप्प बसली.

मला मात्र काळेपेक्षा पुढचा प्रसंग जास्त टोचतो. या वाड्यातून सुटायला उषा कुणाला निरोप धाडते? केशवला! ज्याला सोडून आली त्यालाच. कायद्यानं नवरा तोच ना. तो पोलिसांना घेऊन येतो आणि तिला घेऊन जातो. निघताना काळेची आजारी बायको तिला सांगते की घरं बदलली तरी पुरुष तोच राहतो. त्या पलंगावरच्या बाईकडे नीट बघा. तिला तर जायला दुसरं घरही नाही. रेखा सबनीस यांची भूमिका छोटीशी, पण विसरता येत नाही.

शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी. लेक मोठी झाली आहे, आपल्या घरी चल म्हणते. उषा जात नाही. जुन्या सहकलाकाराचा, राजनचा फोन येतो. तो पलीकडून बोलत राहतो, आणि ती काहीच बोलत नाही.