विस्मयानंतर काय?

मुंबईजवळच्या घारापुरी लेण्यात शिरले की डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग पाच मीटरहून उंच त्रिमुखी शिव समोर प्रकटतो आणि माणूस बोलता बोलता गप्प होतो. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ऑटो या मूर्तीने भारावून गेले होते. भीती वाटते, तरी पाय निघत नाही, असा अनुभव धर्माच्या मुळाशी असतो, हे त्यांनी १९१७ च्या ‘दास हायलिगे’ या ग्रंथात मांडले. त्यात त्यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही दाखला दिला.

मानसशास्त्र विस्मयाच्या या भावनेकडे उशिरा वळले. २००३ मध्ये डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी तिची दोन लक्षणे सांगितली. समोरचे अफाट वाटते आणि ते आपल्या आजवरच्या समजुतींत मावत नाही. अर्जुनाचे हेच झाले. विश्वरूप पाहून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. कृष्णाला सलगीने मित्र म्हणून हाक मारल्याबद्दल त्याने क्षमा मागितली.

‘मी’ असा लहान झाला की माणूस इतरांकडे वळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी मिनिटभर उंच निलगिरीच्या झाडांकडे पाहिले, तर काहींनी इमारतीकडे. नंतर एकाच्या हातून पेने सांडली, तेव्हा झाडे पाहणाऱ्यांनी ती जास्त उचलून दिली.

पण विस्मयाला दुसरी बाजूही आहे. समजुती डळमळल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि मिळेल ते उत्तर धरतो. २०१४ च्या एका अभ्यासात विस्मय अनुभवलेल्यांचा अलौकिक शक्तींवरचा विश्वास वाढलेला दिसला. चमत्कार दाखवणारे बुवा नेमके याच क्षणी गाठतात.

अफाटाला सोसण्याजोगे करणे हे धर्मजीवनाचे खरे काम. अर्जुनानेही शेवटी ओळखीचे, सौम्य रूपच मागितले. वारकरी परंपरेने विश्व व्यापणाऱ्याला विटेवर उभे केले, त्याला माउली म्हटले आणि वाटेवर भेटेल त्याच्या पाया पडायला शिकवले. दिपून जाण्याचा क्षण तिने असा रोजच्या वागण्यात मुरवला.

म्हणून अंगावर काटा आला एवढ्यावरून कोणताही अनुभव आध्यात्मिक ठरवू नये. त्यानंतर आपण शेजाऱ्याशी, परक्याशी कसे वागतो, त्यावरूनच तो पारखावा.