वयात आला, तरी बाप नाही! नर बायसनला इतकी वर्षं वाट का पाहावी लागते?

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये जुलैचा मध्य उलटला की कुरणं डुरकण्याच्या आवाजाने घुमू लागतात. एरवी एकटे किंवा छोट्या टोळीत राहणारे नर बायसन आता माद्यांच्या कळपात शिरलेले असतात. हा त्यांचा माजाचा काळ. पण कळपातल्या प्रत्येक नराला मादी मिळतेच असं नाही. तरुण नरांवर तर बहुतेक वेळा बघत राहण्याचीच वेळ येते. असं का?

(राधानगरीच्या जंगलातल्या गव्याला आपण 'इंडियन बायसन' म्हणतो, पण तो वेगळा प्राणी. इथे बोलतोय ते अमेरिकन बायसनबद्दल.)

नर वयात कधी येतो?

साधारण दोन ते तीन वर्षांचा झाला की नर बायसन प्रजननक्षम होतो. प्रत्यक्षात मात्र त्याला संधी मिळते ती सहसा सहाव्या वर्षानंतर. कारण तोवर त्याची वाढ सुरूच असते. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ९०० किलोपर्यंत जातं. अशा धिप्पाड नरासमोर तीन वर्षांच्या नराचा निभाव लागत नाही.

जोडी कशी जमते?

नर मादीच्या लघवीचा वास घेतो आणि वरचा ओठ वर उचलून धरतो. गावाकडे वळूला असं करताना अनेकांनी पाहिलं असेल. मादी माजावर आहे का, हे त्याला यातून कळतं. मग तो तिच्या शेजारी सावलीसारखा उभा राहतो, कधी काही मिनिटं, तर कधी काही दिवस.

दुसरा नर जवळ आलाच तर आधी धमकावणं होतं. डुरकायचं, शेपटी उभारायची, स्वतःच्याच लघवीने भिजलेल्या मातीत लोळायचं. बहुतेक वेळा एक जण इथेच माघार घेतो. नाहीतर डोक्याला डोकं भिडतं. त्यात कधी कधी जीवही जातो.

या दिवसांत नराचं खाण्याकडे लक्ष नसतं. त्याचं वजन दहा टक्क्यांहून अधिक घटू शकतं, आणि लवकरच बर्फाळ हिवाळा येणार असतो. मादी साधारण साडेनऊ महिन्यांनी, एप्रिल-मेमध्ये, कोवळं गवत फुटताना विते.

मग अडचण कुठे आहे?

एकोणिसाव्या शतकातल्या बेसुमार शिकारीने कोट्यवधी बायसन संपवले. १९०२ पर्यंत यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन उरले होते. आजचे अनेक कळप अशा मोजक्याच प्राण्यांपासून वाढले आहेत.

मोठ्या कळपात बलवान नरांचीच सरशी होणं चालून जातं. पण लहान, कुंपणातल्या कळपात दोन-तीन नरच बहुतेक वासरांचे बाप ठरले, तर पुढची पिढी एकमेकांची सावत्र भावंडं होते. त्यातून जवळच्या नात्यात प्रजनन वाढतं आणि कळपाची जनुकीय विविधता घटते.

म्हणूनच कळपात किती बायसन आहेत, एवढंच मोजून भागत नाही. त्यातले किती नर खरोखर बाप होतात, हेही पाहावं लागतं. गरज पडली तर एका कळपातले बायसन दुसऱ्या कळपात सोडले जातात.