मॅडिसन की लिंकन? शिकायला एक, स्थिरावायला दुसरं

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये शिकायला जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या रँकिंगइतकाच शहराच्या जमिनीचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. विस्कॉन्सिनचं मॅडिसन आणि नेब्रास्काचं लिंकन ही त्याची उत्तम उदाहरणं. दोन्ही राज्यांच्या राजधान्या, दोन्हीकडे राज्याचं मुख्य विद्यापीठ आणि 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अनुक्रमे सुमारे 2 लाख 70 हजार व 2 लाख 91 हजार. फरक आहे तो भूगोलाचा. मॅडिसनचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलाय. जागा कमी, म्हणून भाडं चढं. पण त्यामुळेच सगळं हाताशी. कॅपिटल म्हणजे राज्याच्या विधानभवनापासून विद्यापीठाच्या कॅम्पसपर्यंतची स्टेट स्ट्रीट पायी सहज पार होते. लिंकन मात्र सपाट गवताळ प्रदेशात हवं तसं पसरलं. तिथे घरं स्वस्त, पण गाडीवाचून अडतं.

कुणी म्हणेल, विद्यार्थ्याला स्वस्ताईच महत्त्वाची. मुद्दा रास्त आहे. पण गाडी, विमा, पेट्रोल आणि पार्किंग धरलं की भाड्यात वाचलेल्या पैशाला गळती लागते. थंडीचं म्हणाल, तर ती दोन्हीकडे कडाक्याचीच. शिवाय 1998 मध्ये मानवी भ्रूणाच्या मूलपेशी जिथे प्रथम वेगळ्या केल्या गेल्या, त्या मॅडिसनमधलं संशोधनाचं वातावरण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोलाचं आहे. नोकरी लागून घर घ्यायची वेळ आली, की हिशोब उलटतो. गाडी तेव्हा बहुतेकांकडे असतेच, मग लिंकनची मोकळी जमीन खरी कामी येते. म्हणून शिक्षणासाठी मॅडिसन आणि संसारासाठी लिंकन, हाच माझा सल्ला.