सव्वीस मिलिमीटर

अंधेरी पश्चिमेला लिंक रोडने ओशिवऱ्याकडे निघालं की टायरच्या दुकानांपुढे जॅकवर चढवलेल्या गाड्या दिसतात. गिऱ्हाइकाचा प्रश्न बहुधा ठरलेला: सतरा इंची अलॉय बसतील का? बसायला बसतात. नट आवळले, गाडी खाली घेतली, फोटो काढले, की बसलेच. घासतात ते नंतर. सोसायटीच्या पार्किंगमधून फुल कट मारून बाहेर पडताना, नाहीतर मागे तिघे बसवून स्पीडब्रेकर ओलांडताना.

चाकं बदलायची ही हौस मुंबईत तशी अलीकडची. कुर्ल्यात तयार होणाऱ्या पद्मिनी गाडीच्या चौदा इंची लोखंडी चाकावर चकचकीत हबकॅप चढली की सजावट संपायची. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तोवर पुण्याजवळ शिक्रापूरला एनकाय या जपानी कंपनीचा कारखाना अलॉय चाकं ओतून काढण्यात चांगलाच मुरला होता. आता बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला कंपनीच अलॉय देते. खालचं मॉडेल घेणारा पैसे वाचवतो आणि मग लिंक रोडवर येतो.

टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे त्याला निदान तोंडओळखीचे असतात. स्विफ्टचंच घ्या. खालच्या मॉडेलला 165/80 R14, वरच्याला 185/65 R15. चाक एका इंचाने वाढलं, पण टायरची भिंत तेवढी बुटकी झाली. टायरसकट व्यास पहिल्याचा 619.6 मिलिमीटर, दुसऱ्याचा 621.5. फरक दोन मिलिमीटरचाही नाही. सतरा इंची चाकावर 205/45 चढवला तर 616.3. म्हणजे उंचीचं गणित जुळतं, स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलत नाही. इथपर्यंतचा हिशेब मोबाइलवर कुणीही करतो आणि इथेच थांबतो.

खरी गोम चाकाच्या पाठीवर असते. आतल्या बाजूला ‘ईटी’ असं कोरून पुढे एक आकडा असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीचा मध्य हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती मिलिमीटर आत आहे, ते हा आकडा सांगतो. समजा, मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी 45, नवं चाक सात इंच रुंद आणि ईटी 38. दोन्ही आकडे दिसायला निरुपद्रवी. पण मांडून पाहिलं तर नव्या चाकाची बाहेरची कड 26 मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड 12 मिलिमीटर आत सरकते. बाहेर मडगार्डची कड आहे, आत शॉकअॅब्सॉर्बर. अंधेरीकरांना जुळणीची किंमत वेगळी सांगायला नको. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा ती ज्याला जोडायची त्या शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा दीडेक मीटर उंच निघाली आणि बर्फीवाला जॅक लावून उचलावा लागला. चाकाच्या कमानीत दीड सेंटिमीटरसुद्धा चैन ठरते.

म्हणून चांगला फिटर चार टायर एकदम चढवत नाही. आधी पुढचं एकच चाक. त्याच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढतो, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण, आणि आत बोटं घालून शॉकअॅब्सॉर्बरपाशी किती फट उरली ते चाचपतो. मग तेच चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून स्प्रिंग दाबली जाईल असं करतो आणि पुन्हा फुल कट. वळताना खड्ड्यात गेलेल्या गाडीची स्थिती ती हीच. खडू जिथे पुसला, तिथे टायर लागला. बहुतेकदा पुढच्या मडगार्डमधल्या प्लॅस्टिकच्या लायनिंगला. या परीक्षेला अर्धा तास जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि निकाल विरुद्ध गेला तर विक्रीही जाते. तरी ती करणारे आहेत, याचं कौतुक वाटतं.

मागच्या चाकांना मात्र ही परीक्षा पुरत नाही, कारण अंधेरीतली बरीच हौस सीएनजीच्या गाड्यांवर होते. किटसकट गाडीचं वजन ऐंशी-नव्वद किलोंनी वाढतं, त्यातलं बरंचसं डिकीत. वर गणपतीला गावी निघालेलं कुटुंब आणि सामान. शहरात महिनोन्‌महिने गप्प असलेलं चाक महाडच्या पुढे घासायला लागतं.

मग उपाय सुरू होतात. मडगार्डची आतली कड गरम करून वर दुमडतात. फट मिळते, पण रंगाला चीर गेली तर पहिल्याच पावसाळ्यात गंज. आतून घासतंय म्हणून स्पेसर घातला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. बाजारातल्या बऱ्याच चाकांचं मधलं भोक 73.1 मिलिमीटर, स्विफ्टचा हब 54.1, मधली रिंग घातली नाही तर बॅलन्सिंग कितीदाही केलं तरी वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरू शकतं. बुटक्या टायरला खड्ड्याचा मार थेट रिमपर्यंत पोचतो, बाजूला फुगा येतो. भाराचा आकडाही बघावा लागतो: 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 84 म्हणजे 500. आणि विम्याच्या कागदावर नव्या चाकांची किंमत लिहिलेली नसेल तर दाव्याच्या वेळी वाद ठरलेला.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट नटांची. होंडाच्या मूळ नटाचं आणि फोक्सवागनच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीचं वापरलं तर ते घट्ट वाटतं, पण पुरतं टेकत नाही आणि हळूहळू सैल होतं. म्हणून नवे नट वापरायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवून पुन्हा आवळून घ्यायचे. डिकीतली स्टेपनी मात्र जुन्याच चाकाची राहते, तिला जुनेच नट हवेत. ते एका पिशवीत घालून स्टेपनीशेजारी ठेवून द्यावेत, दुकानात विसरून येऊ नये.