चित्राखालचा '१२/१००' हा आकडा काय सांगतो? समजून घ्या लिथोग्राफची किंमत

अहिल्यानगर जिल्ह्यातला एखादा जुना वाडा आवरायला काढला की माळ्यावरून सरस्वतीची तसबीर निघू शकते. वीणा वाजवत बसलेली देवी, शेजारी मोर. खाली राजा रविवर्मा यांच्या प्रेसचं नाव. कुणी म्हणतं, "ओरिजिनल लिथोग्राफ आहे, लाखो मिळतील." कुणी ती रद्दीत टाकतं. दोघंही घाई करतात.

लिथोग्राफ म्हणजे काय?

दगडावरून केलेली छपाई, म्हणजेच शिळाछाप. जर्मनीतल्या अलॉइस झेनेफेल्डर यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधलं. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. डिंक आणि सौम्य आम्लाची प्रक्रिया करून दगड ओला करतात. तेल आणि पाणी मिसळत नाही, त्यामुळे शाई फक्त चित्रावर बसते. रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड लागतो.

मग '१२/१००' कशासाठी?

मेक्सिकोत काम केलेले शिल्पकार फ्रान्सिस्को सुनिगा (१९१२-१९९८) बसलेल्या स्त्रियांच्या शिल्पांसाठी ओळखले जातात. याच विषयावर त्यांनी लिथोग्राफही केले. अशा मर्यादित आवृत्तीत किती प्रती काढायच्या हे आधीच ठरतं. '१२/१००' म्हणजे शंभर प्रतींपैकी १२ क्रमांकाची. प्रत्येक प्रतीवर कलाकार सहसा पेन्सिलने सही करतो. नंतर दगडावरचं चित्र पुसतात किंवा त्यावर रेघ मारतात, म्हणजे नव्या प्रती निघत नाहीत.

रविवर्मांचा हेतू नेमका उलट होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्यांचा प्रेस चित्रं घराघरांत पोहोचवण्यासाठी होता. त्यामुळे अशा तसबिरीवर क्रमांक किंवा पेन्सिलची सही नसली, म्हणून ती नकली ठरत नाही. पण प्रती भरपूर निघाल्या, म्हणून प्रत्येक तसबीर लाखमोलाचीही नसते.

ओळखायचं कसं?

भिंगातून पाहा. रंगाचे ठिपके एकसारख्या जाळीत दिसले, तर ती बहुधा अलीकडची ऑफसेट छपाई आहे. नुसता क्रमांक पाहून पैसे मोजू नका, तो डिजिटल प्रिंटवरही घालता येतो. जुनी तसबीर ओल्या फडक्याने पुसू नका, तिच्या कडा कापू नका. प्रेसचं नाव बहुतेकदा त्या कडेलाच असतं. विकण्याआधी जाणकाराला दाखवा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून भाव ठरवू नका.