हातांनी सांगितलेली शुभवार्ता

मार्काच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या माणसाची कथा आहे. लोक त्याला येशूकडे घेऊन आले. येशूने त्याला गर्दीपासून एका बाजूस नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, आकाशाकडे दृष्टी लावली. शब्द उच्चारला तो त्यानंतर. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रथम हातांनी बोलावे लागते, हा साधा धडा या प्रसंगात आहे. तो ध्यानी यावयास धर्मसेवकांनाही फार काळ लागला.

अठराव्या शतकात पॅरिस येथे द लेपे नावाचे एक धर्मगुरू होते. दोन बहिऱ्या बहिणींना धर्मशिक्षण कसे द्यावे, या चिंतेतून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला आणि 1760 च्या सुमारास त्यांची शाळा उभी राहिली. त्यांचे मोठेपण हे की, आपल्या विद्यार्थ्यांच्या खुणा ते स्वतः शिकले. परंतु 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, खुणांपेक्षा मुखाने बोलावयास शिकवणेच श्रेष्ठ, असा ठराव केला. त्या परिषदेचे अध्यक्ष जूलिओ तारा हेही धर्मगुरूच होते, हे आपण लपवू नये. पुढे देशोदेशींच्या शाळांत खुणांना मज्जाव झाला. 2010 साली व्हँकूव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद प्रकट केला. मध्ये एकशेतीस वर्षे लोटली होती.

आपल्याकडे या कार्याचा पहिला मान मुंबईकडे जातो. 1885 च्या सुमारास बिशप लिओ मेरिन या येशूसंघीय धर्माध्यक्षांच्या पुढाकाराने तेथे मूकबधिरांची शाळा निघाली. ती भारतातील पहिली मानली जाते. शाळेमुळे मुले एकत्र येतात, आणि मुले एकत्र आली की भाषा रुजते. वर्गात मनाई असली तरी मधल्या सुट्टीत हात बोलतच राहतात.

ही भाषा म्हणजे मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तीत काळ बहुधा आरंभी येतो, नकार आणि प्रश्नवाचक खूण शेवटी. ‘मी उद्या शाळेत येणार नाही’ हे वाक्य ‘उद्या, मी, शाळा, येणे, नाही’ अशा क्रमाने उमटते. भुवया, डोळे व मानेची हालचाल हेही व्याकरणच आहे; चेहरा निर्विकार ठेवून ही भाषा बोलता येत नाही. 2015 साली दिल्लीत या भाषेसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि 2021 पर्यंत तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आले. मूकबधिर हा जुना शब्द आता मागे पडतो आहे तो योग्यच. ही माणसे मूक नाहीत.

आता धर्मसेवेचा विचार करू. कॅथलिक भाविक आपले पाप धर्मगुरूपाशी एकांतात निवेदन करतो. धर्मगुरूला खुणा येत नसतील तर बहिऱ्या माणसाने काय करावे? 1983 च्या धर्मनियमांनी दुभाष्यामार्फत निवेदन करण्याची मुभा दिली आहे, आणि दुभाष्यावर गुप्ततेचे बंधनही घातले आहे. तरीही मनातील लज्जा आधी तिसऱ्यापुढे उघडी करावी लागते, आणि तो तिसरा पुष्कळदा घरचाच असतो. ज्या एकांतावर इतरांचा सहज हक्क, तो या माणसाला मिळत नाही. म्हणून 2 मे 2024 रोजी केरळात त्रिशूर येथे जोसेफ थेर्मठम या कर्णबधिर तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, ही घटना मला फार मोलाची वाटते. भारतात अशी दीक्षा मिळालेले ते पहिलेच, असे मानले जाते.

2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक भरली. बहुतेक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. भोपाळजवळच्या मंडीदीपसारख्या कारखान्यांच्या गावाचा विचार करा. पोटासाठी तेथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबात असे मूल असेल, तर घरची मराठी व बाहेरची हिंदी दोन्ही त्याला सारख्याच परक्या. रात्री सारे घर प्रार्थनेला बसते. ते मूल ओठ हलताना पाहते आणि डोळे मिटून घेते. त्याच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची भाषा घरात कोणालाच येत नाही.

अशा ठिकाणी जाणाऱ्या सेवकाने प्रवचन बाजूला ठेवून आधी विद्यार्थी व्हावे. गावातील बहिऱ्या माणसांकडून त्यांच्या खुणा शिकाव्यात, त्या आईबापांनाही शिकवाव्यात. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागून उजेड आला की चेहरा आणि हात काळे पडतात. आणि दुभाषी मिळाला तरी बोलताना दृष्टी त्या माणसाकडेच ठेवावी, दुभाष्याकडे नव्हे. या गोष्टी लहान आहेत, परंतु आपल्याला कोणी माणूस म्हणून ओळखले, हे बहिऱ्या माणसाला त्यांवरूनच कळते. धर्माची गोष्ट त्यानंतर सांगावी.